ब्रेक साहेबांच्या हाताशी होता

भिलाईतल्या खुर्सीपारच्या भागाबाई कापगतेंच्या घरात दाराच्या मागं एक कुबडी उभी असायची. नवऱ्याला जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण भागाबाईनं तिच्यावर कधी धूळ बसू दिली नाही. लेक गुंजन नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासात फीच्या खिडकीशी बसते. दर दिवाळीच्या साफसफाईत ती कुबडी उचलायची आणि म्हणायची, "आई, ये फेंक दूँ क्या अब? कावून ठेवली अजून?"

भागाबाई ती हातातून काढून घेई. "तिचा टाइम आला का मीच चुलीत घालीन. तुले तिच्या फिकरीचं काम नाई."

मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, नवऱ्यावर केवढा जीव होता माउलीचा! जीव होताच, नाही कोण म्हणतो? पण कुबडी जपली होती ती रागानं. हा राग काही रोज उठून बोटं मोडण्यातला नव्हता. संध्याकाळी निखारा राखेत दाबून ठेवतात आणि सकाळी फुंकर घालून चूल पेटवतात, त्यातली गत. तो राग एकाच माणसावर होता, आणि त्या माणसाचं नाव शामराव खानोरकर.

तर आधी ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी "बाई फार दुष्ट हो" असं म्हणायला नको.

भागाबाईचा नवरा चिंधू. त्याचा बाप साकोलीकडची धानाची बांधी भावकीला देऊन भिलाईला आलेला, पोलादाच्या प्लांटात लागलेला. चिंधूचा प्लांटात नंबर लागला नाही. तो लागला अहिवाऱ्याच्या पलीकडं, पथराटोल्याच्या चुनखडी खाणीत. ती खाण एका खाजगी कंपनीची होती, आता कंपनीही नाही आणि खाणही नाही. खाणीपासून मोठ्या लाईनीपर्यंत दगड न्यायला कंपनीची स्वतःची छोटी लाईन होती. त्या लाईनीवर चिंधू ट्रॉलीमन होता.

ट्रॉलीमन म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. चार चाकांवर एक लाकडी चौकट, पुढं साहेबाला बसायला बाक, बाकावर छत्री. साहेब बाकावर बसून लाईन तपासणार आणि चार माणसं दोन्ही रुळांवरून अनवाणी पळत ट्रॉली ढकलणार. उन्हाळ्यात रूळ तव्यासारखा तापलेला असला तरी अनवाणीच, कारण चप्पल रुळावरून घसरते. उतार लागला की मागच्या फळीवर उडी मारून बसायचं आणि दम खायचा. आणि ब्रेकचा दांडा? तो साहेबाच्या उजव्या हाताशी. ट्रॉली थांबवायची की नाही हे ढकलणाऱ्यानं ठरवायचं नसतं.

शामराव तेव्हा त्या लाईनीचे इंजिनिअर. नागपूरकडून आलेला तरणाबांड माणूस, इस्त्रीचा शर्ट, सदा घाईत. लाईन मोकळी आहे असं फोनवर विचारल्याशिवाय ट्रॉली काढायची नाही, असा नियम होता. त्या दिवशी साहेबाला घाई होती. फोन राहू द्या म्हणाला, चला. वळणाच्या उतारावर चौघं मागं चढून बसले, आणि समोरून दगड भरलेली गाडी आली.

शामरावांनी हाताशी असलेला ब्रेक ओढला नाही, उडी मारली. मागच्या तिघांना साहेब पडताना दिसले तशा त्यांनीही उड्या मारल्या. चिंधूनं मारली नाही. तो बाकावरून पुढं झेपावला, ब्रेक धरायला. हात पुरला नाही. पाय गेला.

इथवर झालं तो अपघात. त्यानंतर जे झालं ते पाप. चौकशीत शामरावांनी लिहून दिलं की मी ट्रॉलीवर नव्हतोच, ट्रॉलीमननं मला विचारल्याशिवाय ट्रॉली काढली. उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या, पोटं होती ना प्रत्येकाला. चिंधूची नोकरी गेली, एक छदाम मिळाला नाही, वर लबाड ठरला तो वेगळाच. मग खुर्सीपारच्या कोपऱ्यावर सायकलींचे पंक्चर काढत बसला. दारू प्याला नाही, कुणाशी भांडला नाही. फक्त संध्याकाळी कुबडी दाराशी टेकवली की म्हणायचा, "पाय गेला त्याचं नाई, भागे. ब्रेक त्याच्या हाताशी होता." मरतानाही हेच. देवाचं नाव घ्या म्हटलं तर ब्रेकचं नाव घेऊन गेला.

त्या उडीला साक्षीदार चार आणि तिघांनी तोंड शिवलेलं. भागाबाईच्या मनानं घेतलं ते असं: हा माणूस एकडाव अजून उडी मारताना दिसला पाहिजे, आणि तेव्हा पाहणारं सारं गाव पाहिजे. दुसरं तिला काही नको होतं. नुकसानभरपाई नको, पेन्शन नको.

असं मागणं कोणता देव पुरवतो? पण सरकार पुरवतं कधी कधी.

खाण बंद पडली, रुळांमध्ये बेशरमाची झाडं वाढली, बकऱ्या चरू लागल्या. आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ही छोटी लाईन म्हणजे वारसा आहे. तीच लाईन, जिच्यावर माणसांचे तळपाय भाजले, ती आता हेरिटेज! पथराटोल्यापासून सुक्या नाल्याच्या पलीकडपर्यंत लाईन पुन्हा उभारायची, पर्यटकांसाठी छोटं इंजिन आणि तीन रंगीत डबे चालवायचे, नाल्यावरचा जुना लाकडी पूल नव्या सालाच्या लाकडानं जसाच्या तसा बांधायचा. कोट्यवधी मंजूर झाले. आणि जुन्या लाईनीचे जाणकार म्हणून तांत्रिक सल्लागार कोण आले? शामराव खानोरकर. केस रंगवलेले, पोट सुटलेलं, बोटात पुष्कराज. ठेका ज्याला मिळाला तो त्यांच्या बायकोचा भाऊ होता, हे साऱ्या साइटला माहीत होतं. कुंपणानंच शेत राखायचं आणि कुंपणानंच खायचं, म्हणजे राखणदाराचा पगार वाचतो.

भागाबाई तेव्हा मजुरांचा स्वयंपाक करायला साइटवर लागली होती. शामराव आले हे तिला कळलं तेव्हा ती वांगी चिरत होती. तिनं वांगी चिरून संपवली, भाजी टाकली, भात उतरवला. त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट पडलं, मजूर बोंबलले, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात शामराव स्वतः जेवायला बसले. भाजी आवडली. "कोणाच्या हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. "जुन्या लाईनवाल्यांपैकी आहात म्हणे."

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही भागाबाईच्या आईनं घालून दिलेली रीत. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालेलं नव्हतं, तो मेल्यावरही नाही. ती म्हणाली, "गुंजनची आई."

शामरावांनी मान हलवली आणि भाजी मागितली. पुढं तिला कामाच्या समितीवर घेतलं, तिथल्या कागदावर कापगते हे आडनाव त्यांनी कितीदा वाचलं असेल! त्यांना काही कळलं नाही. कळणार कसं? त्यांच्या लेखी तो 'ए चिंधू' होता. ट्रॉलीमनला आडनाव असतं आणि घरी बायको असते, हे साहेबाच्या कधी डोक्यात आलंच नव्हतं.

आणि समितीवर तिला घेतलं कुणी? शामरावांनीच! खर्चावर नजर ठेवायला निगराणी समिती बसवायची होती, आणि त्यात जुन्या लाईनवाल्यांच्या घरची एक बाई हवी असा नियम होता. शामराव म्हणाले, ही स्वयंपाकवाली घ्या, गरीब आहे, बोलत नाही. अध्यक्ष होते दुबे सर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. माणूस सज्जन, पण जुनं इंजिन बघितलं की डोळे भरून यायचे आणि मग पुढचं काही दिसायचं नाही.

समिती कशी निगराणी करायची ते ऐका. भिलाईत एका हॉटेलच्या गार हॉलात बसायची. भिंतीवर फोटो दिसायचे. हे बघा नवं लाकूड, हा बघा नवा खांब. दुबे सर म्हणायचे, "अद्भुत!" मग जेवण. नाल्यावर जाऊन पूल पाहावा असं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ऊन फार होतं.

भागाबाईला मात्र पूल पाहायला जावं लागलं नाही, पूल तिच्या चुलीशी आला. ठेकेदाराचे मजूर नाल्यावरून लाकडाचे तुकडे आणून टाकायचे, "मौसी, जळण घ्या." ती चूल पेटवायची तर नुसता धूर. तुकडा आपटला की आतून वाळवीची माती गळायची. तिनं विचारलं तेव्हा एकजण हसत म्हणाला, "पुलाचंच आहे, मौसी. सडलेली टोकं कापतो आणि उरलेल्यावर डांबर फासतो. साहब बोले, काला दिखना चाहिए." फोटोतलं नवं लाकूड कुठल्यातरी वखारीतलं होतं. पुलावर होतं ते जुनंच, डांबर ल्यालेलं.

खोटं नाही सांगत, भागाबाईला त्या वेळी आनंद झाला. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. गावला, मेल्या!

पण तिनं आधी सरळ मार्ग धरून पाहिला. पुढच्या बैठकीत ओटीत तसला एक तुकडा बांधून नेला आणि टेबलावर, पांढऱ्या चादरीवर ठेवला. "हे तुमच्या नव्या पुलाचं लाकूड हाये, सर. माह्या चुलीतही जळत नाई. याच्यावरून लेकरं नेता काय?"

शामराव जरासुद्धा गडबडले नाहीत. "भागाबाई, हे जुन्या पुलाचं काढून टाकलेलं आहे. नवं फोटोत आहे, बघा ना." भिंतीवर फोटो आला. दुबे सरांनी तिच्याकडं प्रेमानं पाहिलं. "बाई जी, आपकी चिंता अच्छी है." मग एका चपराशानं तुकडा उचलला आणि चादरीवरची माती झटकली. बैठकीचं जेवण आलं.

घरी आल्यावर ती गुंजनला म्हणाली, "तवाही असंच झालं होतं. साहेबानं सांगितलं ते खरं, आन् पाय तुटलेला माणूस खोटा."

"आई, कलेक्टरले अर्जी दे. मी लिहून देते."

"अर्जीनं फार तर त्याले पश्चात्ताप होईल. मले त्याचा पश्चात्ताप नाई पायजे, मले त्याची उडी पायजे."

गुंजनला काही समजलं नाही. ती आपली जेवायला बसली.

आता छोट्या लाईनीवर एक रीत होती. दरवर्षी पाऊस सरला, लाईनीची दुरुस्ती झाली की पहिलं इंजिन सोडण्याआधी पहिली ट्रॉली सोडायची. ज्या साहेबानं लाईन पास केली, त्यानंच तिच्यावर बसायचं. ट्रॉलीमनच्या बायका रुळाला हळद लावायच्या, ढकलणाऱ्यांच्या पायावर पाणी घालायच्या, नारळ फोडायच्या. ट्रॉली पूल ओलांडून परत आली की मगच इंजिन. कंपनीच्या कुठल्या नियमात हे नव्हतं. पण मजुरांनी ते कधी चुकू दिलं नव्हतं, कारण त्यात फार अक्कल होती. तू चांगलं म्हणतोस ना? मग तूच आधी बस.

पुढच्या बैठकीत उद्घाटनाचा कार्यक्रम ठरत होता. राज्याच्या स्थापना दिनाच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या आठवड्यात, मोठे पाहुणे, शाळेची पोरं रंगीत डब्यांतून पहिली फेरी मारणार. भागाबाईनं हात वर केला आणि ती रीत सांगितली. अगदी गरीब तोंड करून, हळदीचं, नारळाचं, सारं खुलवून.

दुबे सर खुर्चीतून उठलेच. "अरे वाह! यही तो असली हेरिटेज है! खानोरकर साहब, आपने बताया नहीं?"

शामराव काय सांगणार? स्वतः तीन वर्षं त्या पहिल्या ट्रॉलीवर हार घालून बसलेला माणूस! नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणाले, "हो, तशी रीत होती. पण सर, ट्रॉली आता कुठं मिळणार?"

"बोरसीले हाये," भागाबाई म्हणाली. "रामाजीच्या अंगणात."

रामाजी म्हणजे माना डोलावणाऱ्या त्या तिघांपैकी एक, आता तेवढाच उरलेला. खाण विकली तेव्हा भंगारात त्यानं ट्रॉली घेतली होती आणि घरासमोर ठेवून तिच्यावर वड्या वाळवायचा. भागाबाई त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. ती कधी आली नव्हती. चिंधूच्या तेरवीला तो आला होता तेव्हाही तिनं त्याला पाणी विचारलं नव्हतं.

"वहिनी, बसा नं."

"बसाले नाई आली. ट्रॉली पायजे. आन् ढकलाले तू पायजे, तुह्यासंगं तीन माणसं पाय. पहिल्या ट्रॉलीवर खानोरकर बसणार हाये."

रामाजीनं वड्यांवरची माशी हाकलली. एकदा नाही, दोनदा हाकलली. "वहिनी, तवा माह्या तोंडून..."

"तोंड राहू दे," भागाबाईनं त्याला तोडलं. "तोंड तवा बंद ठेवलं, आताही बंदच ठेव. माफी मागू नको, मी देणार नाई. फक्त ढकल. आन् उतार लागला का मागं चढू नका कोणी. हात सोडा आन् बाजूले व्हा."

"आन् ट्रॉली?"

"तिले माहीत हाये कुठं जाचं ते."

शामरावांनी सुटायची खटपट केली नाही असं नाही. पाठ धरली म्हणाले. दुबे सरांनी बाकाला गादी लावायची व्यवस्था केली. मग शामरावांनी रामाजीला बोलावून सांगितलं, वळणापर्यंतच ने, फोटो झाले की मी ब्रेक लावीन, पुलावर जायचं नाही. रामाजी "जी साहेब" म्हणाला, त्याची जुनी सवय. आणि त्याच संध्याकाळी येऊन भागाबाईला सांगून गेला, ही नवी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गुंजनला सारं कळलं तेव्हा ती रडकुंडीला आली. "अन् त्यानं नाई मारली उडी तर? पूल तुटला तर?"

"तर दोघंही नाल्यात जाऊ."

"दोघं? तू कावून बसणार त्या ट्रॉलीवर?"

"मी नाई बसणार," भागाबाई म्हणाली, "तो मले बसवणार. तू पाय उद्या. आपल्या जागी दुसऱ्याले बसवल्याबिगर त्या माणसाले चैन नाई पडत. तवा तुह्या बापाले बसवलं. उद्या मले बसवन."

झालंही तसंच, अक्षर न चुकता.

मंडप घातला होता पुलाच्या अलीकडं, नाल्याच्या काठावर, कारण तिथून फोटो छान येत होते. मंडपात पाहुणे, समिती, पथराटोल्याचं सारं गाव, आणि बाजूच्या सावलीत रंगीत डब्यांत चढायला रांगेत उभी शाळेची पोरं. ट्रॉली वरच्या अंगाला, चढावर उभी. रुळाला हळद लागली, नारळ फुटला. रामाजी आणि तिघं म्हातारे धोतरं खोचून अनवाणी उभे राहिले, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. दुबे सर माईकवर बोलत होते.

शामरावांना हार घातला. त्यांनी तो गळ्यातून काढला, हात जोडले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "हा मान माझा नाही. हा मान ज्यांच्या घामानं ही लाईन चालली त्यांचा. आमच्या समितीच्या भागाबाई पहिल्या ट्रॉलीवर बसतील!" आणि हार तिच्या गळ्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय विचारता! साहेब असावा तर असा.

भागाबाईनं हार नीट केला, पदर खोचला आणि बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसली. मग शामरावांचा हात धरला. लाजत धरला, जुन्या बायका देवळात मोठ्यांचा हात धरतात तसा. "मी एकटी कशी बसू, साहेब? मले भेव वाटते. लाईन तर तुमी पास केली. तुमी बी बसा, शेजारी. ब्रेक कोण धरन?"

"हाँ हाँ, दोनों बैठिए!" दुबे सर माईकवरून ओरडले. पोरं ओरडली. शे-दोनशे मोबाइल वर झाले. भागाबाईनं हात सोडला नाही. आयुष्यभर मजुरांची कणीक मळलेला हात तो, सुटतो का?

शामराव बसले तेव्हाच तिनं तो सोडला. ब्रेकचा दांडा त्यांच्या उजव्या हाताशी होता. त्यांनी एकदा तो चाचपून पाहिला तेव्हा त्यांना जरा धीर आला असावा, कारण ते हसले आणि लोकांकडं हात हलवू लागले.

म्हाताऱ्यांनी ट्रॉली ढकलली. चार जोड्या अनवाणी पाय रुळावर पट्‌पट् पडू लागले. भागाबाईनं डोळे मिटले नाहीत. हा आवाज ती नव्यानं लग्न झालेली असताना ऐकायची, खाणीच्या चाळीतून, आणि ओळखायची की यातले दोन पाय आपले आहेत. वळण आलं, उतार लागला. रामाजीनं हात सोडला, चौघं बाजूला झाले. ट्रॉली आपणहून धावू लागली.

खाली डांबर फासलेला काळाभोर पूल, त्याच्या अलीकडं मंडप. शामराव ब्रेककडं वळले.

तेवढ्यात भागाबाई त्यांच्या कानाशी बोलली. "साहेब, तुमी विचारलं होतं, कोणाची म्हणून. मी चिंधूची. चिंधू कापगते. तुमचा ट्रॉलीमन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं. शामरावांनी तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड पाहिलं, मागं पाहिलं तर माणसं नाहीत, पुढं पाहिलं तर पूल. आणि त्या पुलात काय आहे हे त्या नाल्यावर जमलेल्या सगळ्यांत त्यांना जास्त माहीत होतं. ब्रेक हाताशी होता. एक बोट लांब. त्यांनी दोन्ही हात वर केले, किंचाळले आणि सगळ्या गावासमोर, पाहुण्यांसमोर, पोरांसमोर, वर झालेल्या सगळ्या मोबाइलांसमोर उडी मारली.

काठावर बेशरमाचं रान माजलं होतं, त्यात पडले. पडल्यापडल्या ओरडत होते, "थांबवा! पूल सडेल हाये! पूल सडेल हाये!" नागपूरची प्रमाण मराठी गेली आणि आईच्या घरची बोली बाहेर आली, इतका तो माणूस घाबरला होता.

आणि ट्रॉलीवर भागाबाई एकटी. मनात आलं तिच्या, जाऊ द्यावी तशीच. त्या क्षणी तिला मरायचं काही वाटलं नसतं. पण मग हसू आलं. कोणासाठी मरू, याच्यासाठी? ती बाकावर उजवीकडं सरकली. सरकायला जागा होती, साहेब उठून गेले होते. तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकून ओढला. चाकं करकरली, ठिणग्या उडाल्या, ट्रॉली पुलाच्या पहिल्या लाकडाशी येऊन थांबली. पुलानं ट्रॉली पेलली असती की नाही, देव जाणे. पण नंतर कुणीतरी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणून त्या लाकडावर घातली तेव्हा ती मुठीपर्यंत आत गेली. दुबे सर तिथंच रुळावर बसले. शाळेच्या बाईंनी पोरांची रांग मागं फिरवली.

भागाबाई गळ्यातल्या हारासकट बेशरमाच्या झाडीपाशी आली. शामरावांना लोकांनी बाहेर काढलं होतं. पाय मुरगळला होता, शर्ट फाटला होता. तिला पाहिलं आणि त्यांनी हात जोडले, ह्यावेळी खरे. "भागाबाई, सांगा यांना. मले चक्कर आली. तुम्ही शेजारी होत्या. चक्कर आली म्हणून पडलो, सांगा."

साऱ्यांनी भागाबाईकडं पाहिलं. रामाजीही होता त्यात.

"मी कशी सांगू?" भागाबाई म्हणाली. "साहेब तर ट्रॉलीवर नव्हतेच. ट्रॉलीमननं विचारल्याबिगर ट्रॉली काढली."

रामाजीनं एकदम मान खाली घातली. बाकीच्यांना वाक्य कळलं नाही. पण ज्याला कळायचं होतं त्याला कळलं, आणि त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. मग ती वाकली आणि तिनं ते सांगितलं, जे इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तिनं ऐकलं होतं. "ब्रेक तुमच्या हाताशी होता, साहेब. तवाही तुमच्याच हाताशी होता. बाईमाणसाले ओढता येते, पाहा."

पुढं चौकशी लागली. ती अजून चालू आहे, चालेल सावकाश. मेहुणा आत जाऊन बाहेर आला, दुबे सरांनी राजीनामा दिला, लाईन बंद आहे आणि बकऱ्या पुन्हा चरायला लागल्या आहेत. शामराव उडी मारतायत ती क्लिप भिलाईपासून साकोलीपर्यंत फिरली. नागपूरला लग्नात गेले तर पोरं हात वर करून उड्या मारून दाखवतात म्हणे. ते ऐकलं की भागाबाईला पोटभर जेवल्यासारखं वाटतं, आणि ती ते लपवत नाही.

त्या दिवशी उन्हं उतरायच्या आधी ती घरी आली. पायही धुतले नाहीत. दारामागची कुबडी काढली, उंबऱ्यावर ठेवून पायानं मधोमध मोडली आणि अंगणातल्या चुलीत घातली. गुंजन दारात उभी राहून पाहत होती. ती डब्यातला तांदूळ काढून निवडायला बसली. कुबडी सागाची होती. धूर न करता जळाली, आणि तिच्यावर दोघींपुरता भात झाला.